शेरा : नकार

मी माणूस तापट. रांगेत कुणी मधे घुसलं, रिक्षावाल्यानं उलट उत्तर दिलं की माझा आवाज चढतो. बायको म्हणते, रिटायर झालात, आता तरी जरा दमानं घ्या. पण आयुष्यात ज्या एका वेळी आवाज चढवून खरं बोलायला पाहिजे होतं, त्या वेळी मी अगदी हळू, सभ्य माणसासारखा, पाच शब्द बोललो. त्या पाच शब्दांची मला अजून लाज वाटते. तोंडी सांगायची हिंमत होत नाही, म्हणून लिहितोय.

आमच्या शहराला तेव्हा औरंगाबादच म्हणायचे. मी एका दवाखान्याच्या कॅन्सर विभागात सांख्यिकी सहायक होतो. सांख्यिकी सहायक म्हणजे डॉक्टर रोगी बघणार आणि मी रोग्यांचे आकडे बघणार. दुसऱ्या मजल्यावर एक टेबल, एक कपाट, आणि कपाटात खालून वर आलेल्या नोंदवह्या. मला रोग्यांचे चेहरे माहीत नसायचे, आणि खरं सांगतो, माहीत करून घ्यायची इच्छाही नसायची.

किरणांच्या उपचाराला आमच्याकडं लोक शेक म्हणतात. शेक लागला की रोज दवाखान्यात यायचं, मशीनखाली दोन-तीन मिनिटं निजायचं आणि परत जायचं. दुखत नाही, खुपत नाही. पण आठवड्याचे पाच दिवस, असे पाच-सहा आठवडे, आणि मधे खाडा करायचा नाही. गावाकडच्या माणसानं एवढे दिवस शहरात राहायचं कुठं, हा खरा आजार. मशीन एकच होती आणि तिची रांग व्हरांड्याच्या टोकापर्यंत जायची.

त्या वर्षी वरून कागद आला. जिल्ह्यातल्या किती रोग्यांना शेकाची गरज आहे, याचा अंदाज करून पाठवा. त्यावरून दुसरी मशीन द्यायची का, बाहेरगावच्या रोग्यांसाठी मुक्कामाची सोय करायची का, हे ठरणार होतं. काम माझ्याकडं आलं. शेकाच्या विभागाच्या डॉक्टर मॅडमनी मला बोलावून नीट समजावलं. दरवर्षी नवे रोगी किती, त्यातला गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर कितींना, तोंडाचा-घशाचा कितींना, स्तनाचा कितींना. प्रत्येकातल्या कितींना शेक द्यायला पाहिजे. त्याची बेरीज म्हणजे गरज. "द्यायला पाहिजे किती, ते मोजा," असं त्या दोनदा म्हणाल्या. मी मान डोलावली.

आता काकूचं सांगतो, कारण ती याच महिन्यांत आली.

काकू म्हणजे माझ्या चुलत्याची बायको. माझी आई मी तिसरीत असताना गेली, तिथून पुढं काकूनंच मला वाढवलं. गाव कन्नडच्या पुढं, डांबरी रस्त्यापासून आत. मी कॉलेजला शहरात आलो तेव्हा चार वर्षं माझा डबा एसटीनं यायचा. आमच्या भागातली कितीतरी पोरं अशीच शिकली. सकाळच्या पहिल्या गाडीला कंडक्टरच्या सीटमागं डबे ठेवायचे. आम्ही बसस्टँडवर जाऊन आपापला डबा उचलायचा आणि कालचा रिकामा तिथंच ठेवून द्यायचा. मी तेव्हाही तापटच. रिकाम्या डब्यात चिठ्ठ्या टाकायचो. भाजी तिखट झाली. भाकरी कडक होती. काकूला वाचता यायचं नाही, ती शेजारच्या मास्तरांकडून वाचून घ्यायची. दुसऱ्या दिवशी भाकरीला जास्तीचं तेल लावलेलं असायचं.

एका रविवारी ती आमच्या उस्मानपुऱ्यातल्या घरी आली. बरोबर तिचा मुलगा, माझा चुलतभाऊ. तो वाळूजला कंपनीत शिफ्टवर होता आणि चार जणांबरोबर एका खोलीत कॉटवर राहायचा. तिची फाईल माझ्या हातात देऊन तो म्हणाला, "दादा, पिशवीच्या तोंडाला हाय म्हणाले. शेक सांगितलाय. पंचवीस." मी फाईल चाळली. रोग पुढं गेलेला होता, पण बरा होण्यातला होता. मॅडमच्याच अक्षरात तसं लिहिलेलं होतं. शेक वेळेवर आणि पुरा झाला तर ही बाई वाचेल, हे मला तिच्याहून जास्त कळत होतं.

काकू सोफ्यावर बसली नाही. फरशीवर बसली, आणि बसायच्या आधी पिशवीतून एक घडी केलेलं धुडकं काढून खाली टाकलं. तिला अंगावर जात होतं. आमच्या फरशीला डाग पडू नये म्हणून ते धुडकं. पिशवीत दोन लुगडी होती, आणि तिचं स्वतःचं ताट अन् तांब्या. शहरातल्या माणसांना आपल्या उष्ट्याची अडचण नको, म्हणून घरून घेऊन आलेली. म्हणजे ती राहायला आली होती. विचारायला नव्हे. आपल्या माणसाकडं कुणी विचारून येतं का?

बायकोनं चहा-पोहे केले. माझी मुलगी दहावीला होती, परीक्षा तोंडावर आलेली, ती आतल्या खोलीत अभ्यास करत होती. घर दोन खोल्यांचं, संडास एक. आणि काकूच्या अंगाला त्या रोगाचा वास येत होता. कितीही धुतलं तरी येतो तो वास. मला त्या बाईची घाण वाटली. जिच्या हातचं चार वर्षं एसटीनं खाल्लं, तिची मला घाण वाटली. हे वाक्य आजवर मी कुणाला सांगितलेलं नाही.

बायकोनं ताट भरून काकूपुढं ठेवलं आणि सरळ मनानं मला विचारलं, "अहो, शेक घेऊन घरी आल्यावर काही जपावं लागतं का? लेकराला काही होत नाही ना?"

लोकांचा तेव्हा समज होता, अजूनही आहे, की शेक घेतलेल्या माणसाच्या अंगातून किरणं बाहेर पडतात आणि घरातल्यांना बाधतात. अशा शेकात तसं काही नसतं. मशीन बंद झाली की विषय संपला. हे मला पक्कं ठाऊक होतं. दवाखान्याच्या भिंतीवर लावायचा तसा फलक मीच लिहून दिला होता. बायको तयार होती. मी नुसतं 'नाही' म्हटलं असतं, तर तिनं त्याच दुपारी काकूची पथारी टाकली असती.

मी पोह्यातला शेंगदाणा बाजूला करत म्हणालो, "तसं काही सांगता येत नाही."

काकूनं आतल्या खोलीच्या दाराकडं पाहिलं आणि म्हणाली, "पोरीची परीक्षा होऊंदी. मंग बघू. माहं काय, आठ दिवस हिकडं-तिकडं." पोहे तिनं सगळे खाल्ले. ताट स्वतःच विसळून ठेवलं, जाताना धुडकं घडी करून पिशवीत टाकलं आणि माझ्या मुलीच्या हातावर बोरं ठेवली. चुलतभाऊ माझ्याकडं न बघता चपला शोधत होता.

परीक्षा झाली. मी निरोप पाठवला नाही. भाऊ वाळूजला होता, माझ्या दवाखान्यापासून अर्ध्या तासावर, पण मी त्यालाही विचारलं नाही. झाली असेल काहीतरी सोय, असं मनाशी म्हणत राहिलो. विचारलं असतं तर उत्तर ऐकावं लागलं असतं.

इकडं आकड्यांचं काम तुंबलं होतं. मॅडमनी सांगितलं तसं करायचं तर प्रत्येक केसपेपर काढावा लागणार, आणि तारीख जवळ आलेली. मग मी सोपा रस्ता धरला. खालच्या खिडकीवरची शेकाची नोंदवही घेतली. तिच्यात नाव, वय, शहरातला पत्ता, सांगितलेले शेक, घेतलेले शेक आणि शेवटी शेरा, असे रकाने. ज्यांना शेक सांगितला होता पण ज्यांनी सुरूच केला नाही, त्यांच्या शेऱ्यात एकच शब्द असायचा, नकार. पानंच्या पानं असा शब्द. मी म्हटलं, ज्याला नकोच आहे त्याला गरज कसली? लाल पेन्सिल घेतली आणि नकारवाले सगळे गरजेतून कमी करत गेलो. तेव्हा मला हे फार हुशारीचं वाटलं होतं.

असाच एक-एक खोडत असताना एका ओळीवर पेन्सिल थांबली. पत्ता माझ्या घराचा होता. घर नंबर, गल्ली, उस्मानपुरा. नाव काकूचं. सांगितलेले शेक पंचवीस, घेतलेले शून्य. शेरा, नकार.

मी पाणी प्यालो. शेजारच्या टेबलाकडं पाहिलं, कुणी बघत नव्हतं. ती ओळ सोडावी तर का सोडली ते कुणाला तरी सांगावं लागणार, आणि एक सोडली तर बाकीच्यांनी काय घोडं मारलं होतं? मी ती ओळ खोडली. इतर ओळींवर मारली होती तशीच सरळ रेघ, पट्टी लावून.

तक्ता तयार झाला. गरज अगदी आटोपशीर निघाली. आहे ती मशीन जरा जास्त वेळ चालवली की भागेल, मुक्कामाच्या सोयीची निकड दिसत नाही. वर मी स्वतःच्या अकलेनं एक वाक्यही घातलं, की रोगी मुख्यत्वे शहरी वस्त्यांत, विशेषतः उस्मानपुरा, मुकुंदवाडी या बाजूला आढळतात. दूरच्या तालुक्यांत प्रमाण अल्प दिसते.

मॅडमनी तक्ता वाचला. चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"तुम्ही उस्मानपुऱ्यातच राहता ना?"

"हो."

"फारच आजारी दिसतो तुमचा मोहल्ला." मग त्यांनी तक्त्यावर बोट ठेवलं. "आणि कन्नडमधून, वैजापुरातून, सिल्लोडमधून कुणीच नाही? मग मी रोज तपासते त्या बायका कुठल्या?"

मी म्हटलं, वहीत पत्ते असेच आहेत.

"वहीत शहरातला पत्ता मागतात. गावाकडचा माणूस शहरातला पत्ता कोणता देणार? ज्या पाहुण्याकडं उतरायचंय त्याचा." त्या चिडल्या नव्हत्या, दमल्या होत्या. "आणि हे नकारवाले. यांना कुणी विचारलं का, नकार कशाबद्दल? तुम्ही पंगतीतली ताटं मोजलीत. मी विचारलं होतं, उपाशी किती."

तेव्हा तरी सांगायचं होतं. तोंडाशी आलंही होतं. पण मी म्हणालो, "मॅडम, त्यांचे पत्ते सापडत नाहीत."

त्यातला एक पत्ता माझ्या खिशातल्या रेशनकार्डावर होता.

त्या शनिवारी मी कन्नडची एसटी पकडली. मॅडमच्या बोलण्यानं अक्कल आली, असं म्हणायला मला आवडेल, पण तसं नव्हतं. मला धसका बसला होता की मॅडम स्वतः वही चाळतील आणि तो पत्ता त्यांना दिसेल. काकूकडून काहीतरी ऐकायचं होतं, जे सांगून सुटता येईल. तिनंच नको म्हटलं, तिला भीती वाटत होती, असं काहीतरी.

काकू ओट्यावर बसून शेंगा फोडत होती. चेहरा पांढराफटक, हाताच्या शिरा वर आलेल्या. मला बघून उठायला लागली आणि उठता येईना, तसं हसून खाली बसली.

"आलास व्हय. जेवलास का उपाशीच निघालास?"

"काकू, तू शेक का नाही घेतलास?"

"आधी पाणी तर पी."

"कागदावर नकार लिहिलंय. तू नको म्हणालीस?"

"म्हणले."

"का?"

ती शेंगा फोडत राहिली. मी आवाज चढवला. तो माझ्याकडं कायम तयारच असतो. तुझ्या जिवाशी खेळतेस का, मला न विचारता नकार देतेस, आता मी काय करू, असं बरंच बोललो. काकूची सून दारात येऊन उभी राहिली आणि परत आत गेली. काकूनं मला पुरतं बोलू दिलं.

मग म्हणाली, "परीक्षा झाल्यावर पंधरा दिस वाट बघितली. मंग पोरगा घेऊन आलता दवाखान्यात, म्हणला विचारू, राहायची काही सोय हाय का. माह्या म्होरं एक बाई व्हती. तिनं सांगितलं, राहायला जागा नाय. तर त्यो खिडकीवरचा बाबू म्हणला, अम्मा, पत्ता तर शहरातला दिलाय तुमी, जागा कशी नाय? कुणाचं घर हाय हे? तिला लई लाजल्यासारखं झालं. मंग माही बारी आली. म्या पत्ता तुह्या घरचा दिलेला. जागा नाय म्हणले असते तर तुहं नाव निघालं असतं ना रं. समदे वळखतेत तुला तिथं. मंग म्हणले, लिव बाबा, मलाच नको. भ्या वाटतं म्हणले."

"आणि वाटत होती भीती?"

"कशाची भीती? दोन मिंटं निजायचं तर असतंय."

"मी वरच होतो काकू. दुसऱ्या मजल्यावर. वर का नाही आलीस?"

"तू कामात असशील म्हणलं."

मी कामातच होतो. तिच्यासारख्यांच्या ओळी खोडत होतो. मी ओट्यावर बसलो आणि मला रडू आलं. तिनं शेंगदाण्याची ओंजळ माझ्यापुढं केली, म्हणाली, "खा. अन् आता चिठ्ठी नको लिहू, कडू हायेत म्हणून."

सोमवारी मी मॅडमच्या खोलीत गेलो, वही उघडली आणि त्या ओळीवर बोट ठेवून म्हणालो, हा पत्ता माझा आहे. ही माझी काकू आहे. हिला मी घरात ठेवून घेतलं नाही, आणि मग मीच हिला खोडलं. मॅडमनी त्या लाल रेघेवरून बोट फिरवलं. मला वाटलं, आता रागावतील, रागवावंच त्यांनी. त्या एवढंच म्हणाल्या, "आणि बाकीचे?"

बाकीच्यांची गावं केसपेपरवर सापडली. गावाकडच्या डॉक्टरची जुनी चिठ्ठी फाईलला टाचलेली असायची, तिच्यात गाव असायचं. पत्ते सापडत नाहीत, हे माझं म्हणणं एका सकाळीत खोटं निघालं. विभागातल्या समाजसेविका बाई आणि मी, पुढचे कित्येक शनिवार एसटीनं फिरलो. काही घरी फोटोला हार होता. एका धनगर बाईचं बिऱ्हाड मेंढरांमागं परजिल्ह्यात गेलेलं. जे घर दर आठवड्याला जागा बदलतं, त्यानं पाच आठवडे एका जागी कसं थांबावं? एका बाईच्या भावाचं घर मुकुंदवाडीत होतं आणि भावजय बाळंतीण होती. शेंद्र्याजवळच्या एका म्हाताऱ्याला आणायला-न्यायला कुणी नव्हतं. पोरगा कंपनीत, खाडे झाले तर काम जाणार. जाईन तिथं शहरात कुणाचं तरी घर होतं, आणि त्या घराचं नाव निघू नये म्हणून माणसं स्वतःवर नकार घेत होती. नकोच म्हणणारे, अगदी मनापासून नको म्हणणारे, मला मोजकेच भेटले.

तक्ता नवा केला. शेक सांगितलेले सगळे गरजेत धरले. जे दवाखान्यापर्यंत पोहोचलेच नाहीत त्यांचाही अंदाज, मॅडमच्या हिशेबानं, वेगळा मांडला. उस्मानपुऱ्याचं ते शहाणपणाचं वाक्य काढून टाकलं. एक मशीन पुरेना हे उघड झालं, आणि खाली मुक्कामाच्या सोयीबद्दल मॅडमनी स्वतः लिहिलं. उत्तर यायला वेळ लागला. मुक्कामाची जागा झाली तेव्हा माझी रिटायर व्हायची वेळ आली होती. पत्र्याची आहे, उन्हाळ्यात तापते, पण तिच्या दारात कुणी पाहुण्याचा पत्ता विचारत नाही.

काकूला त्याचा उपयोग नव्हता. मॅडमना सांगितलं त्याच आठवड्यात मी तिला घरी आणलं, तेव्हा बायकोला पहिल्यांदा खरं सांगितलं, की शेकाचं कुणाला काही बाधत नसतं. ती पोळ्या लाटत होती. लाटणं थांबवून म्हणाली, "मग त्या दिवशी तसं का म्हणालात?" हे तिनं परत कधी विचारलं नाही. काकूनं बरोबर आणलेलं ताट तिनं माळ्यावर टाकलं आणि घरच्या ताटात वाढलं. मुलीनं आपली गादी काकूला दिली. त्या घरात वास सहन न होणारा माणूस मीच एकटा होतो.

मॅडमनी तपासलं. बाहेर येऊन मला म्हणाल्या, "तेव्हा आल्या असत्या तर," आणि फाईल उघडली. आता पंचवीस शेकांनी रोग जाणार नव्हता. रक्त थांबावं, दुखणं कमी व्हावं, एवढ्यासाठी दहा शेक लिहून दिले. रक्त थांबलं खरं. त्यानंतर ती वर्षभरही राहिली नाही.

पण मॅडमनी तपासलं त्या दिवशी, शेक सुरू व्हायच्या आधी, खिडकीवर नवा कागद करायचा होता. काकू माझ्या दंडाला धरून उभी होती. खिडकीत तोच बाबू. त्यानं काकूकडं पाहिलं, मग माझ्याकडं पाहिलं, आणि वही पुढं ओढली.

"अम्मा, शहर का पता?"

काकू माझ्याकडं वळली आणि हळूच म्हणाली, "कोणता सांगू रं?"

मी पत्ता सांगितला. घर नंबर सांगितला, गल्ली सांगितली, उस्मानपुरा म्हणालो. रांगेतली माणसं वळून बघायला लागली. बाबूनं पेन थांबवलं. "साहब, आहिस्ता बोलो. सुनाई देता मेरेकू."

पहिल्या वेळी हाच पत्ता तिनं मला न विचारता दिला होता.